गुणसूत्र सरांची बांधाबांध

हाती सुतळी आली की गुणसूत्र सर ती बोटांना गुंडाळत आणि समोरच्याला शिकवू लागत. मग तो विद्यार्थी असो, वकील असो की माझ्यासारखा घरसामान हलवणारा. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून त्यांचं पोट भरत नसे.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झाली, नवं रायपूर उभं राहिलं आणि सरांनी तिकडे फ्लॅट घेतला. सामान पाहून मी दोन गाड्या सांगितल्या.

"एकच! अरे, एकेका पेशीत जवळपास दोन मीटर डीएनए असते. डोळ्याले दिसत नाही एवढ्या जागेत मावते. अन् तुले माह्यं घर एका गाडीत बसवता येत नाही?"

"पेशीतले हमाल जेवत नाहीत, सर."

तरी एकच गाडी ठरली. भावतावात मला हरवणारा हा पहिला माणूस, आणि तोही पेशी दाखवून.

मग माझ्या माणसांना बाजूला सारून सर स्वतः बांधायला बसले. "धागा प्रथिनांच्या मण्यांवर गुंडाळायचा. त्या माळेची वेटोळी, वेटोळ्यांची पुन्हा वेटोळी. झालं गुणसूत्र!" पेले साड्यांत, साड्या चादरीत, चादर सतरंजीत, वरून सुतळी. गठ्ठे खरंच एवढेसे झाले, याचाच मला जास्त राग आला.

"अहो, माहा दम्याचा पंप कुठी ठेवला?" सरांच्या बायकोने, काकूंनी, विचारलं.

"एकदम सुरक्षित आहे."

नव्या घरात सिमेंटची धूळ. काकूंना धाप लागली. आसपास एक दुकान नाही. सर गाठी सोडायला बसले, एकेक, उलट्या क्रमाने. काकूंचे ओठ निळसर दिसू लागले तशी मी सुरी काढली आणि सतरंजी, चादर, साडी, सगळं एका दमात फाडलं. पंप पेल्यात होता.

काकूंचा श्वास परतला. सर सतरंजीकडे पाहत म्हणाले, "सारी पद्धतच फाडली तू."

माझं डोकं सणकलं. "सर, पेशीले तो धागा वाचाचा असला तं ते काय करते?"

"सैल करते. आवळलेला वाचता येत नाही. आवळाचं ते पेशी दुभंगतानाच."

"मंग हे पहिले काहून नाही सांगितलं?"

"ते पुढच्या तासाले येते."

वर त्यांनी गावभर सांगितलं, तो सतरंज्या फाडतो. रायपुरातली किती मराठी घरं माझ्या हातून गेली, ते मी विसरलेलो नाही.

निवृत्तीनंतर सर नागपूरला निघाले, तेव्हा सामान दुसऱ्याच्या गाडीत. तेलीबांध्याच्या सिग्नलला ती माझ्याशेजारी थांबली. सर ड्रायव्हरला बोटावर रुमाल गुंडाळून काहीतरी समजावत होते. खिडकीतून काकूंनी मला पाहून हात वर केला. मनगटाला सुतळीने पंप बांधलेला होता. सैल.