वाडीतून कपबशीला पडलेली मतं

मी पत्रकं लिहिते. घर शिवऱ्याला, नोकरी भोरात एका डीटीपीच्या दुकानात. निवडणूक लागली की त्याच दुकानात बसून, ज्यांच्यामागे कुठलाच पक्ष नाही अशा उमेदवारांचा मजकूर करून देते. पक्षवाल्यांचं सगळं पुण्याहून रंगीत छापून येतं. त्यांना माझी गरज नाही आणि मला त्यांची नाही.

दोन वाक्यं मी प्रत्येक पत्रकात घालायचे. 'अपक्षाला दिलेलं मत वाया जात नाही' हे पहिलं. 'मत गुप्त असतं, कुणालाही घाबरू नका' हे दुसरं. पहिल्यावरून मी आजही कुणाशीही भांडेन. दुसरं मात्र आता लिहीत नाही. ते माझ्या आत्यामुळे सुटलं.

आत्याची वाडी हिर्डोशीच्या पुढे, वरंधा घाटाच्या अंगाला. डांबर ओढ्यावरच्या पुलापाशी संपतं. पुढे चढाची पायवाट. कुणी आजारी पडलं की चादरीची झोळी करायची, ती बांबूला बांधायची आणि चौघांनी खांद्यावरून पुलापर्यंत आणायचं. त्याला डोली म्हणतात. बाहेरची माणसं डोलीचे फोटो काढून हळहळतात. वाडीत कुणी हळहळत बसत नाही. ज्याच्या खांद्याला उंची जुळेल तो पुढे होतो.

आत्याचे दोन्ही गुडघे गेलेत. यजमान नाहीत. मुलगा शिरवळला कंपनीत, एका खोलीत बायको-पोरासह. त्यानं गेल्या दिवाळीत स्पष्ट सांगितलं, "आई, पावसाळ्याआधी रस्ता झाला तर रहा. न्हाईतर खाली चल. भर पावसात तुला उचलायला मी कुठनं येऊ?" त्याचंही खोटं नव्हतं. पण आत्याला जायचं नव्हतं. तिची एक म्हैस, घरामागचं परडं, भाताची दोन खाचरं. शिरवळच्या खोलीत चार दिवस राहून आली तेव्हा म्हणाली होती, "खिडकी उघडली की दुसऱ्याची भिंत. बोलायचं कुनाशी, भिंतीशी?"

म्हणजे रस्ता झाला तर आत्या वाडीत, नाहीतर शिरवळात. इतका सरळ हिशोब होता, आणि तो पक्षाच्या माणसालाही ठाऊक होता. पंचायत समितीची निवडणूक लागताच तो वर चढून आला, भैरवनाथाच्या देवळात बसला आणि म्हणाला, "एकगठ्ठा मतदान द्या, रस्ता पावसाळ्याआधी." तिकडे एकगठ्ठा असा नुसता तोंडी ठरत नाही. प्रत्येक घरातल्या एकानं देवापुढे बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेऊन शब्द द्यायचा. एकदा बेल-भंडारा उचलला की विषय संपला. आत्याच्या घरात आत्या एकटीच. तिनंही उचलला.

आणि मग मी पोचले, आमच्या उमेदवाराला घेऊन.

आमचा उमेदवार म्हणजे भोर ते घाट वडापची, म्हणजे सीटमागे भाडं घेणारी, जीप चालवणारा. वाडीतली डोली पुलाशी उतरते तेव्हा खाली उभी असते ती याचीच जीप. त्यानं आजवर डोलीतल्या माणसाला पक्ष विचारलेला नाही. उभं का राहायचंय असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "पुलापाशी उभं राहून राहून कंटाळलो. जीप वर न्यायचीय." मला एवढं पुरलं. चिन्ह मिळालं कपबशी.

देवळाच्या ओट्यावर आत्याचे थोरले दीर कोयत्याला धार लावत बसले होते. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडायचे ते दिवस. भावकीत त्यांचा शब्द चालतो. मी त्यांना मामा म्हणते.

"या, पत्रकवाल्या बाई," मामा म्हणाले. "कपबशी हाय म्हनं. च्या बी आनलाय का मोकळीच?"

"च्या तुमच्याकडं, मामा," जीपवाला म्हणाला. "कपबशी माझी."

"आन फुटली म्हंजी?"

"फुटंल. जीप तर न्हाई ना फुटत."

मामा हसले, मग कोयता बाजूला ठेवून माझ्याकडे वळले. "पोरी, एक सांग. ह्यो आला निवडून, तरी एकटा. तिथं बसनार समदी पक्षाची. ह्याला इचारतंय कोन?"

"आणि आज तुम्हाला कोण विचारतं? निवडणुकीचा महिना सोडून?"

"कोन इचारत न्हाई, म्हनून तर एकगठ्ठा देतो. गठ्ठा हाय तवर वर चढून येत्यात. सुटं-सुटं दिलं तर तेवढंबी न्हाईत." चिमटीत भंडारा धरल्यासारखं करत म्हणाले, "आन वेल्ह्याकडं तुमच्या अपक्षानं काय केलं, ते सांग की."

हे लागलं, कारण खरं होतं. मागे वेल्ह्याकडे मी एका अपक्षाची पत्रकं केली होती. तो निवडून आला आणि अंगावरचा गुलाल धुवायच्या आत ज्यांच्याविरुद्ध लढला त्यांच्याच गाडीत जाऊन बसला. गळ्यात त्यांचा हार. मी त्याला फोन करून काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. अपक्ष म्हणून जो उभा राहतो तो स्वच्छच, असं मी कधीच म्हणत नाही. कुणी माघार घेण्यासाठी उभे राहतात, कुणी दुसऱ्याची मतं खायला उभे केले जातात. पण म्हणून ज्यांनी पुलापाशी रस्ता संपवला त्यांनाच परत द्यायचं? खाणावळीत एकदा शिळं मिळालं म्हणून आयुष्यभर उपाशी राहतं का कुणी?

हे सगळं मी मामांना सुनावलं. मामा म्हणाले, "बोलतीस झ्याक," आणि कोयता उचलला.

मी आत्याच्या पडवीत कपबशीचं पत्रक चिकटवलं. आत्यानं ते बघितलं आणि ती घरात वळली. आत चुलीवर नाचणीची भाकरी होती.

"आत्या, तू कुणाला देणार?"

"बेल-भंडारा उचललाय म्या."

"तो उचलायला लावला तुला."

"लावला. पर हात माझा व्हता का न्हाई?"

"मत गुप्त असतं, आत्या. आत गेल्यावर तू कुठलं बटण दाबलंस ते कुणालाही कळत नाही."

त्यावर ती इतकी हसली की भाकरी करपली. "हितं? बाये, हितं कुनाच्या चुलीवर काय शिजतंय ते वरच्या आळीला कळतंय. आमचं मशीन आमच्याच शाळेत. त्यात दुसऱ्या गावचं एक मत मिसळत न्हाई. उद्या तिकडं भोरात ते उघडल्यावर आमच्या वाडीची मतं निराळी वाचून दावत्यात. चार जरी फुटली, तर गाव आधी कुनाच्या दारात येईल? भाची तुझी, पत्रक तुझं, पडवी माझी."

इतकी वर्षं मी 'गुप्त असतं' लिहीत होते, ते शिवऱ्याच्या हिशोबानं. हायवेवरच्या मोठ्या गावात एक मत कुठे गेलं ते कोण शोधतो? इथे वाडीला एक मशीन, आणि मशीनमध्ये फक्त ओळखीची माणसं. पक्षांना हे पक्कं माहीत असतं. 'तुमचं बूथ बघतो हं आम्ही' असं ते हसत-हसत म्हणतात, आणि त्याला कुणी धमकी म्हणत नाही. मला या गोष्टीची चीड आहे.

निघताना मी पत्रक काढायला हात लावला. आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आता काढलंस तर म्हनतील घाबरली."

मतदान झालं. मोजणी भोरात. मी टेबलाच्या अलीकडे जाळीला नाक लावून उभी. जीपवाला पडला, चांगलाच पडला. वाडीचं मशीन उघडलं तेव्हा पक्षाला जवळजवळ सगळी मतं, आणि कपबशीला एका हाताच्या बोटांवर मावतील इतकी. पक्षाच्या माणसानं तिथूनच वाडीवर फोन लावला. मी खाली उतरून जीपवाल्याच्याच जीपमध्ये बसले आणि त्याला म्हटलं, वाडीवर चल.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात बैठक. बायका पायऱ्यांवर, पुरुष आत. आत्याला आत बोलावलं. ती खांबाला धरून उभी राहिली.

"रस्त्याचं वाटोळं केलंस," एक जण म्हणाला.

"समद्यात जास्ती गरज तुलाच, आन तूच गठ्ठा फोडलास?"

"भाचीचा च्या लई ग्वाड लागला वाटतं!"

पायऱ्यांवरून मी ओरडणारच होते. आत्यानं मागे न बघता हात केला, थांब म्हणून.

"माझ्या घरात मी एकली," ती म्हणाली. "माझं एक धरा. बाकीची कुनाची?"

आत जरा चुळबुळ झाली.

"इचारायचंच असंल तर सरळ इचारूया. ताट आना. समद्यांनी परत बेल-भंडारा उचला, की मत पक्षालाच दिलं म्हनून. भावजी, तुमी थोरले. तुमी पयले. म्या शेवटी उचलते."

कुणीतरी खरंच ताट आणलं. ते मामांपुढे ठेवलं. मामांनी ताटाकडे बघितलं. भंडाऱ्याच्या ढिगावर एक माशी बसली होती, ती त्यांनी हाकलली. हात तसाच परत गुडघ्यावर ठेवला.

"देवाला किती येळा तरास द्यायचा," ते म्हणाले आणि उठले. "चला. राब तोडायचा ऱ्हायलाय."

त्यांच्यामागे सगळे उठले. दोघे-तिघे तर फार घाईनं उठले. ताट तसंच राहिलं.

घरी आल्यावर मी आत्याला मिठीच मारली. म्हटलं, "आत्या, जिंकलीस. तू दिलंस ना मत आपल्याला?"

"न्हाई," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"शब्द दिला व्हता. पक्षालाच दिलं."

"मग तिथे सांगायचं की! ताट समोर होतं, उचलायचा भंडारा!"

"म्या उचलला असता तर बाकीच्यांची नावं निघाली असती. त्यांची पोरं डोलीतनं खाली नेली तवा ह्या जीपवाल्या गड्यानं कशी सांभाळली ते त्यांनी बघितलंय. त्यांना वाटलं, त्यांनी दिलं. त्यात त्यांचं काय चुकलं?" मग माझ्याकडे बघून, "तू आन असं तोंड करू नगंस. तुझ्या मानसाला म्या मत दिलं न्हाई, हे खरं हाय."

मी रागावले, हे लपवत नाही. सगळ्या वाडीची बोलणी तिनं खाल्ली, आणि तिचं मत गेलं पक्षालाच.

रस्त्याचं म्हणाल, तर चैत्रात चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारून गेले. वैशाखात जेसीबी आला, पुलापलीकडची चार झुडपं उपटून गेला. नंतर कुणी फिरकलं नाही. मामा विचारायला भोरात गेले तर उत्तर मिळालं, "तुमच्या बूथवर मतं फुटली ना." ठीक. पण शेजारच्या वाडीनं एकही मत फुटू दिलं नव्हतं. त्यांच्याकडे रेघासुद्धा मारल्या नाहीत. हे मी पुढच्या पत्रकात पहिल्याच ओळीत लिहिणार आहे.

मृगाच्या आधी आत्याचा मुलगा आला. म्हैस मामांच्या गोठ्यात गेली. आत्याला डोलीत घातलं. पुढच्या बाजूला मामा स्वतः खांद्याला, त्या वयात. उतारावर एकाचा पाय घसरला तसे ओरडले, "हळू रं, बशी हाय आत!" सगळे हसले, आत्या तर झोळीतून. पुलापाशी जीप उभी होती.

बॅगा चढवताना मुलगा मला म्हणाला, "तुझ्या दुकानात मतदार यादीचे अर्ज भरता ना? आईचं नाव शिरवळला घेऊन टाक."

"माझं नाव हितंच ऱ्हाऊ दे," आत्या पुढच्या सीटवरून म्हणाली.

"आई, मतदानाला वर कशी येशील?"

"ह्यो आनंल पुलापर्यंत. पुढं डोली हाय की."

जीपवाल्यानं मान हलवली. मी विचारलं, "आणि बेल-भंडारा?"

"त्यो वाडीत ऱ्हानाऱ्यांनी उचलायचा," ती म्हणाली. "आता म्या कुठं वाडीत ऱ्हाते? देवळात मला बोलवायला शिरवळला कोन येतंय?"

मामा खिडकीशी उभे होते. त्यांनी ते ऐकलं. मग जीपचं दार बाहेरून नीट लावून दिलं.