खडूची पुढची खूण

कोरसमधल्या बाईचा आवाज कसा होता, हे कुणी कधी विचारत नाही. मोठीचा जन्म या न विचारण्यातच चालला होता. ती आणि तिची धाकटी बहीण वर्षानुवर्षं एकाच माइकसमोर उभ्या राहायच्या. धाकटीचा आवाज मऊ, बारीक, म्हणून ती पुढे. मोठीचा खणखणीत, म्हणून ती दोन पावलं मागे. स्टुडिओच्या फरशीवर दोघींच्या जागांना खडूच्या खुणाच होत्या.

"मी काय कुणाचं घोडं मारलंय? एकदा तरी मला पुढे उभं राहू द्या," मोठी कुरकुरायची.

"ताई, तुम्ही पुढे आलात तर माझी काच फुटेल," रेकॉर्डिंग करणारा चष्मेवाला काचेपलीकडून म्हणायचा, आणि धाकटी तोंड दाबून हसायची.

मग धाकटी गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. आईने तेव्हापासून बोलणंच टाकलं. दिवसभर खिडकीशी बसायची, हाक मारली तरी मान वळवायची नाही.

अशात ते गाणं आलं. शब्द प्रेमाचे, चाल सोपी, सगळं नेहमीचंच. फक्त मध्ये एक बिनशब्दांची गुणगुण होती. संगीतकाराने ती धाकटीचा आवाज मनात धरून बांधली होती, आणि आता ती मोठीच्या वाट्याला आली. तबकडीवर नाव छापून येणार होतं. खोटं कशाला बोला, मोठीला आनंद झाला. त्या आनंदाची तिला लाजही वाटली, पण तिने गुणगुण घोटून घोटून बसवली.

वादकांचं आणि शब्द गाणाऱ्या गायकाचं काम आदल्या दिवशीच उरकलं होतं, त्यामुळे गायला खोलीत ती एकटीच. हेडफोनमध्ये वाद्यं वाजू लागली, लाल दिवा लागला, ती गायली. संपल्यावर खाली बघते तो काय, पाय मागच्याच खुणेवर! सवयीने आपोआप तिथे जाऊन थांबले होते. माइक तर पुढच्या खुणेच्या हिशोबाने लावलेला. तिचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा लागला असणार. हाताशी आलेली संधी आपल्याच पायांनी घालवली म्हणून तिला रडू कोसळायचं बाकी राहिलं.

पण काचेपलीकडे संगीतकार उठून उभा राहिला होता. टेप लावली. गुणगुण अगदी जवळून आली, ओठ माइकला टेकवून गायल्यासारखी. मऊ, बारीक. मधला श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"ताई, तुम्ही पुढे सरकला होतात ना?" चष्मेवाल्याने विचारलं. तो सगळा वेळ काचेतून तिच्याकडेच बघत होता, तरी त्याने विचारलं.

"नाही. जुन्या टेपवरचं काही राहिलं असेल."

"टेप कोरी आहे. आत्ताच डबा फोडला."

तिघांनी कानांत प्राण आणून पुन्हा ऐकलं. त्या आवाजाच्या मागे, दोन पावलांवर, मोठी होती. खणखणीत, पण लांब.

 मोठी हट्टाला पेटली. "पुन्हा घ्या," म्हणाली आणि मुद्दाम पुढच्या खुणेवर जाऊन उभी राहिली. गुणगुण यायच्या आधी तिने श्वास घेतला, आणि तिच्याबरोबर मागच्या खुणेवर कुणीतरी श्वास घेतला. मानेवरचे केस हलले. ती वळली नाही. शेवटपर्यंत गायली.

त्या खेपेला एकच आवाज आला. तिचा. स्वच्छ, बिनचूक, आणि ऐकता ऐकता विसरून जावा असा.

"पहिलंच ठेवू या," संगीतकार म्हणाला.

"मेल्यावरही पुढेच!" जिना उतरताना मोठी पुटपुटली, आणि आपण काय बोललो हे कळून कठड्याला धरून उभी राहिली.

गाणं तुफान चाललं. दुकानांत, हॉटेलांत, शेजारच्या खिडक्यांतून ती गुणगुण यायची. लोक मोठीला गाठून "तो आवाज तुमचाच ना?" विचारायचे. ती "हो" म्हणायची आणि घाईने पुढे निघायची. घरी मात्र ती रेडिओ लावू देत नव्हती. आईने ऐकलं तर काय, या धास्तीने तिला नीट झोप लागत नव्हती.

एका दुपारी शेजाऱ्यांनी रेडिओ मोठा केला. मोठी खिडकी लावायला धावली, पण आईने तिचा हात धरला.

"थांब. धाकटी गातेय."

आई मान तिरकी करून ऐकत राहिली. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिने मोठीकडे नीट पाहिलं.

"तिच्या मागे तूच आहेस ना गं?"

"हो, आई. मीच."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. "तिला एकटीला फार भीती वाटते."

मोठी आईच्या मांडीत डोकं खुपसून ओक्साबोक्शी रडली. त्यानंतर कुणी विचारलं, की तबकडीवर गुणगुणीपुढे एकच नाव असलं तरी ती सांगायची, "आम्ही दोघी गायलो."