शनिवारचं तेल

आज आमच्या गिरीज गावात शेजारच्या वाडीत खोबरेल कढतंय, आणि त्या वासासरशी माझी मान आपसूक पुढे झुकते.

तेव्हा मी शाळेत होते. रविवारी मिस्साला चर्चमध्ये जायचं, म्हणून शनिवारी संध्याकाळी आई मला मागच्या पायरीवर बसवून डोक्याला तेल चोपडायची. माझ्या डोक्यात पुटकुळ्या उठल्या होत्या, कंगवा लागला की ठणकायच्या. त्या जितक्या वाढल्या, तितकं आईचं तेलही वाढलं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "तेल मुळाशी साचतं, छिद्रं बुजतात. लावायचंच तर केसांच्या टोकांना लावा."

"आमच्या वाडीतलं तेल हाय, डॉक्टर," आई एवढंच बोलली.

पुढच्या शनिवारीही ती पायरीवर बसली, पण तेलाची वाटी नव्हती. कापसाच्या बोळ्याने तिने एकेका पुटकुळीला औषध लावलं. मग तिचा हात बराच वेळ माझ्या डोक्यावर तसाच राहिला. पुटकुळ्या गेल्या. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

तिच्या शेवटच्या आजारपणात मी तिच्या विरळ केसांना तेल लावायला बसले. डोळे मिटूनच ती पुटपुटली, "मुळाशी नको गं बाय. टोकांनाच लाव."