गोठ्यातली राणी

“बघितलं की!”

कुणी काही कौतुकानं दाखवलं की एवढं म्हणून आमच्या शेजारच्या मावशी मान झटकायच्या आणि दुसरीकडे बघायच्या. एकदा सिनेमातली एक नटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटारीतून उतरली. बायका हातातली कामं टाकून धावल्या. मावशी दुधाची चरवी घेऊन समोरूनच येत होत्या, पण त्यांची चाल बदलली नाही. “मावशी, बघा तरी!” कुणीतरी ओरडलं. “बघितली की! दोन पायांवरच चालती.”

अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. जगात कौतुक करण्यासारखं काही आहे हेच त्यांना मान्य नसतं.

मी मंगळवार पेठेत मावशींच्या शेजारी भाड्यानं राहायचो आणि एका शाळेत चित्रकला शिकवायचो. माझ्याविषयी त्यांचं मत पहिल्याच आठवड्यात ठरलं. “म्हंजे पोरांस्नी वांगी काढाय शिकवतासा,” त्या म्हणाल्या. “वांगं पिकवाय कोन शिकवतंय मग?”

नवरा गेल्यावर त्यांनी तीन म्हशींवर संसार ओढला होता. मुलगा त्या दुधावर मॅट्रिक झाला, कचेरीत कारकून लागला, आणि मॅट्रिक झाल्यापासून त्याला शेणाचा वास यायला लागला. हा गृहस्थ घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा. पुढच्या खोलीत त्यानं वेताच्या खुर्च्या मांडल्या आणि भिंतीवर एक मोठं छापील चित्र काच लावून टांगलं. एका प्रसिद्ध चित्रकाराचं होतं ते; त्याची चित्रं तेव्हा बऱ्या घरांतून असायची. तळ्याकाठी जरीच्या पातळातली राणी, आणि तिच्यापुढे मान वर करून उभा असलेला हंस.

मुलानं आईला हौसेनं बोलावलं. मी तिथंच होतो. मावशींनी राणीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“बघितलं की! तळ्यावर जरीचं पातळ नेसून कोन जातंय? आनि बदकासंगं बोलत्या. हिच्या घरात हिच्यासंगं कोन बोलत न्हाय वाटतं.”

मुलगा माझ्याकडे बघून कसंनुसं हसला.

नातीला मात्र ते चित्र फार आवडलं. दोन वर्षांची पोर. एके दिवशी ती खुर्चीवर चढली आणि गुळानं माखलेला पंजा तिनं नेमका राणीच्या तोंडावर ठेवला. काचेवरच, पण सुनेनं पोरीच्या पाठीत धपाटा घातला. रडणं ऐकून मावशी मागच्या परड्यातून आल्या आणि त्यांनी पोरीला उचललं.

“ठेवा तुमची राणी काचंत. आमची आमी काढतो.”

मला वाटलं, रागात बोलल्या. पण दुसऱ्या दिवशी गोठ्यात डोकावलो तर आजी-नात भिंतीपुढे बसलेल्या. करवंट्यांत तांबडी काव, चुना, कपड्याची नीळ आणि चुलीवरची काजळी कालवलेली. मावशींच्या हातात काडीला गुंडाळलेली चिंधी. पोरीला चिंधी लागतच नव्हती, तिचा अख्खा पंजा होता.

चित्र वाईट होतं. नंतर काही लोक म्हणायचे की त्यात एक वेगळीच गोडी होती. तसलं काही नव्हतं. राणीची मान म्हशीसारखी होती आणि एक हात पार घोट्यापर्यंत आला होता. पोरीनं हंसाला चार पाय काढले होते आणि पाचवा चालू होता.

“मावशी, पक्ष्याला दोन पाय असतात,” मी म्हणालो.

“तुमच्या पक्ष्याला असतील. ह्यो तिचा हाय. त्येला किती द्यायचं ती बघंल.” मग पोरीकडे वळून म्हणाल्या, “काढ गं सोने. शाब्बास!”

हा शब्द त्यांच्याजवळ आहे हे मला त्या दिवशी कळलं. गोठ्याबाहेर तो मी कधीच ऐकला नाही.

पुढं हे रोजचंच झालं. धारा काढून झाल्या की दोघी भिंतीपुढे. “राणी नुसतीच हुबी हाय, तिला कायतरी काम लावू,” म्हणून मावशींनी तिच्यापुढे एक म्हैस काढली. जरीच्या पातळातली राणी उभ्या उभ्याच धार काढायला लागली. गल्लीतल्या बायका येऊन तोंडाला पदर लावून हसून गेल्या. हसलो मीही. सून मात्र शरमेनं पुढच्या दारात यायची बंद झाली, कारण पोर अंगभर नीळ माखून पुढच्या खोलीत यायची आणि “आजी, आजी” करत पुन्हा मागे पळायची.

पावसाळा संपला आणि मुलानं ठरवलं की गोठा काढायचा. तिथं फरशी घालून साहेब लोकांना बसवण्याजोगी खोली करायची. म्हशी गावाकडे कोडोलीला चुलत्याकडे धाडायच्या, आणि म्हशींबरोबर आई. “आईला इथं करमत नाही,” असं तो आम्हाला सांगत सुटला. तिला त्यानं हे कधी विचारलं, ते मात्र कुणी ऐकलं नव्हतं.

मला वाटलं, आता मावशी घर डोक्यावर घेतील. त्यांनी मुलाकडे नुसतं बघितलं. राणीकडे बघितलं होतं तसंच, खालपासून वरपर्यंत.

“तुजंबी बघितलं,” त्या म्हणाल्या.

चुना द्यायला गडी आला, त्याला त्यांनी दारातच थांबवलं. “तू बस तंबाकू मळत.” त्याची बादली घेतली, पोरीला पुढ्यात घेतलं आणि कुंचा तिच्या मुठीत देऊन वरून आपली मूठ धरली.

“मावशी, तो करील की,” मी म्हणालो.

“त्येनं काढलंय व्हय? आमी काढलंय, आमी पुसनार.”

पोरीला तो नवाच खेळ वाटला. हंसाचा एकेक पाय चुन्याखाली गेला की ती खिदळायची. “गेला!” ती ओरडायची. “गेला की,” मावशी म्हणायच्या. राणीचं तोंड उंचावर होतं, तिथं पोरीचा हात पुरेना. मावशींनी तिला खांद्यावर घेतलं आणि तेही तिच्याच हातानं पुसून घेतलं. भिंत पांढरी झाली. पोर टाळ्या वाजवत म्हणाली, “आजी, पुन्ना काढ!”

मावशींनी तिचे हात धुतले, तोंड पुसलं आणि तिला सुनेच्या कडेवर दिलं. दुपारी त्या म्हशींमागून चालतच निघाल्या. पोर झोपली होती.

वर्षाभरानं निवडणुकीच्या कामाला मी कोडोलीला गेलो, तेव्हा त्यांना मुद्दाम शोधलं. त्या गोठ्यात होत्या. वाळल्या होत्या. गोठा चांगला होता, शेणानं सारवलेल्या लांबलचक भिंतींचा. मी सगळीकडे नजर फिरवली.

“इथं काही काढलं नाही, मावशी?”

त्यांनी वैरणीची पेंढी सोडली आणि म्हशीपुढे टाकली.

“कुनासंगं काढू?”

मग बराच वेळ त्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी आलोय हे त्या विसरल्या असाव्यात.