बैल ओढणारा पंक्चरवाला

तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे पोरं लाकडी बैल ओढत दारोदार बोजारा, म्हणजे पैसे, मागतात. गिरडजवळच्या एका वस्तीतल्या पोरांकडे बैलच नव्हते. ते घेण्यासाठी मी पावतीपुस्तक घेऊन हायवेवरच्या जाम गावाच्या चौकात उभा राहिलो, पण कोणी थांबेना. माझी फजिती पाहून तिथला पिकल्या मिशांचा पंक्चरवाला स्वतःच कुणाचा तरी लाकडी बैल आणून ओढत ट्रकवाल्यांना बोजारा मागू लागला. ते हसायचे आणि द्यायचे.

"लाज नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना जी, म्हणून तं पळत पळत ओढतो." त्याने दोरी माझ्या हाती दिली. "धरा गुरुजी, मी चहा पिऊन येतो."

ओळखीचं कोणी पाहील म्हणून मी तोंडाला रुमाल बांधला. तो टपरीवरून ओरडला, "गुरुजी, झूल बैलाले घालतेत, तुमी काऊन घातली?"

पोरांना बैल मिळाले. रुमाल मात्र मी शेवटपर्यंत सोडला नाही.