लाल शाईतले ई-मेल

नोकरीतले खून-दरोडे आता एकमेकांत मिसळून जातात, पण लाल शाईने तपासलेले ते ई-मेल अजून लख्ख आठवतात. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी आष्ट्याच्या बाजूला फौजदार होतो. जवळच्या गावातले एक निवृत्त मुख्याध्यापक मुलगा बेपत्ता झाल्याचा अर्ज घेऊन ठाण्यात आले. मुलगा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला गेलेला. महिना झाला, ना शेजाऱ्यांकडे फोन, ना हातचं पत्र.

काहीच खबर नाही का, असं विचारल्यावर गुरुजींनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. मुलाच्या नावावरून सांगलीतल्या एका सायबर कॅफेत ई-मेल येत होते. कॅफेवाला ते छापून आष्ट्याला येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरकडे देत होता. मग मुलगा बेपत्ता कसा, हे मला कळेना.

"हे त्याने लिहिलेलं नाही," गुरुजी म्हणाले. "शुद्धलेखन त्याला मी शिकवलंय, माझ्या हाताखाली. त्याच्या नावावर दुसराच कुणी लिहितोय. मग तो कुठे आहे, साहेब?"

मजकूर मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत आणि अर्धे शब्द गिळलेले. मायना नाही, पूर्णविराम नाही. गुरुजींनी एकेक चूक लाल शाईने गोल केली होती. मला हसू येत होतं, पण मुलगा जिवंत आहे की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. मी मिसिंगची नोंद घेतली. त्यांच्या अर्जाची सुरुवात 'स. न. वि. वि.' अशी होती. अर्धे शब्द त्यांनीही गिळलेच होते, पण ते मी दाखवून दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या हवालदाराने खबर आणली की, तो कॅफेवाला गिऱ्हाइकांची पत्रं चोरून वाचतो. खोटे मेल तोच रचत असेल, असं वाटून त्याला बोलावलं. वाचतो हे त्याने लगेच कबूल केलं, लिहिण्याचं मात्र मानेना. बराच वेळ उलटसुलट विचारल्यावर तो रडकुंडीला आला.

"सायेब, कॅफेच्या आदी माजा टायपिंगचा क्लास हुता. असलं अशुद्ध माज्या बोटांतनं निघायचं न्हाई," तो म्हणाला. असा बचाव मी उभ्या नोकरीत ऐकला नव्हता. त्याला चहा पाजून सोडलं.

मग आईचा जबाब घ्यायला गुरुजींच्या घरी गेलो. बाईंना इंग्रजी अक्षरं येत नव्हती, आणि परक्याचं लिखाण घरात कशाला, म्हणून गुरुजींनी त्यांना हे कागद दाखवलेच नव्हते. लेकाचा शब्दही नाही म्हणून त्यांचं जेवण तुटलं होतं. मी गठ्ठा काढला आणि अडखळत मोठ्याने वाचू लागलो. शेजाऱ्यांचा फोन लागत नाही, दुसरा नंबर कळवा, असं पोरगा परत परत विनवत होता. त्या ओळींवरही लाल गोल होते. गुरुजींनी मेल तपासले होते, वाचले नव्हते. पुढची ओळ होती, आई, पहिल्या भाकरीचा पापुद्रा आता कोण खातं गं?

बाईंनी पदर तोंडाला लावला. तव्यावरून उतरलेल्या पहिल्या भाकरीचा पापुद्रा, वर तेल-चटणी, लहानपणापासून त्याचा. चुलीपाशी उभ्यानेच खायचा. चारचौघांत सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती, परक्याला ती कुठून ठाऊक असणार?

"त्योच हाय," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "आवं, म्हैनाभर लेकरू दारात हुबं हुतं, आन् तुमी त्येला आत घेतलं न्हाई."

गुरुजी खाली बसले. त्यांचं मला फार वाईट वाटलं. पोरावर त्यांची माया काही कमी नव्हती, ती त्यांनी शुद्धलेखनातच घातली होती.

कॅफेवाल्याकडून पोराला मेलने ठाण्याचा नंबर कळवला. दुसऱ्या दिवशी दोघं सकाळीच ठाण्यात येऊन बसली, आणि फोन वाजला. गुरुजींनी रिसीव्हर कानाला लावला, पोराचा आवाज ऐकला आणि लगेच बाईंपुढे धरला. बाईंनी तो घेतला आणि जेवलास का, असं विचारलं. अख्खं ठाणं कामात असल्याचं सोंग करत होतं.

अक्षर, सही, अंगठा यांवरून माणूस ओळखायचं शिक्षण मला सरकारने दिलं. माणूस काय विचारतो यावरून त्याला ओळखायचं मी त्या घरात शिकलो.

काही दिवसांनी गुरुजी नवे मेल दाखवायला आले. लाल गोल एकही नव्हता. "चुका राहिल्यात की, गुरुजी," मी चिडवलं.

"राहू देत," ते म्हणाले. "आता मी मोठ्याने वाचतो. ती ऐकते."