नागस्वर ऐकलेला फणस

आमच्या अप्पांना एकच व्यसन होतं, सुतारकामाचे बेत करण्याचं. बेतच हो, काम कुठलं! कलेक्टर कचेरीतून हेडक्लार्क महाशय घरी आले की तांबड्या-निळ्या पेन्सिलीनं कागदावर कपाटं उभी राहायची. रंधा विकत आणला होता, तो तेल लावून पुन्हा फडक्यात बांधून ठेवायचे. त्या वर्षी बेत होता ऊंजलचा, म्हणजे घरचे सगळे ऐसपैस बसतील अशा झोपाळ्याचा. फळीचा पत्ता नव्हता, पण तुळईला लोखंडी कड्या ठोकूनसुद्धा झाल्या होत्या.

मला मात्र वीणा हवी होती. आत्या, म्हणजे अप्पांची थोरली बहीण, मला तिच्या वीणेवर शिकवायची. त्या वीणेला वाळवी लागली आणि एका दुपारी तिचा दांडा माझ्या हातातच मोडला. मी जेवले नाही. अप्पा म्हणाले, "सासरी जाशील तेव्हा नवऱ्याकडे माग." अस्सा राग आला म्हणून सांगू!

अप्पा लाकूड बघायला निघाले तेव्हा आत्या मला घेऊन मुद्दाम बरोबर आली. थोरल्या बहिणीपुढे त्यांचं काही चालत नसे. तयार फळी घेणं अप्पांना कमीपणाचं वाटे. अख्खा ओंडका घ्यायचा आणि परसात आपल्या डोळ्यांदेखत कापून घ्यायचा, हा त्यांचा हट्ट. स्टेशनाजवळच्या वखारीत मालक कपाळभर विभूती लावून बसला होता. अप्पा त्याच्याशी तमिळमध्ये गोडगोड बोलत आणि मधेच आमच्याकडे वळून मराठीत म्हणत, "चेहऱ्यावरूनच लबाड दिसतो मेला. तोंडं वाकडी करा, म्हणजे भाव उतरेल." आम्हा तंजावरच्या मराठी माणसांची ही जुनीच खोड. घरची भाषा दुसऱ्या कुणाला कळतच नाही असं समजायचं आणि चारचौघांत वाटेल ते बोलायचं.

मीही तेच केलं. फणसाच्या एका ओंडक्यावर बोटांनी ठोकलं, तर तो असा खणखणला की मी आत्याचा हातच धरला. "आत्या, याची एकसंध वीणा होईल गं! आणि अप्पा याच्यावर बसणार! देवा, काहीतरी कर रे."

देवानं नाही, वखारवाल्यानं केलं. हात जोडून तो तमिळमध्ये म्हणाला, "सामी, हे साधंसुधं झाड नव्हे. पापनाशमकडे देवळाच्या भिंतीला लागून होतं. जन्मभर सकाळ-संध्याकाळ नागस्वर ऐकलंय यानं." अप्पा खूश! देवळातली सनई ऐकत वाढलेलं असलं लाकूड कचेरीत दुसऱ्या कुणाच्या घरी होतं? तोंड वाकडं करायचं तेच विसरले.

बैलगाडीतून ओंडका परसात आला. करवतवाले आले, अप्पांनी खडूनं रेघ मारली, तेवढ्यात आत्या बाहेर आली आणि तिनं ओंडक्याला वाकून नमस्कार केला. "देवाचं वाद्य ऐकलेलं लाकूड हे. त्याच्यावर बूड टेकणार का रे तू?"

झालं! अप्पा पडले देवभोळे. करवतवाल्यांना परत पाठवलं आणि मला घेऊन तणतणत वखारीत गेले. "तो ओंडका परत घे," ते तमिळमध्ये गरजले, "आणि काही म्हणता काही न ऐकलेलं लाकूड दे!"

वखारवाल्यानं शांतपणे विडा गालात सरकवला आणि थेट आमच्यासारख्या मराठीत म्हणाला, "विकलेलं लाकूड मी परत घेत नाही, रावजी. आणि चेहऱ्यावरूनच लबाड दिसणाऱ्यानं तर घेऊच नये."

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. अप्पांनी हळूच विचारलं, मराठीत, "मग ते देऊळ? ते नागस्वर?"

"वीणा करून बघा. खरं की खोटं, ते तुमची लेकच सांगेल."

वीणा झाली. मी पहिल्यांदा वाजवली तेव्हा अप्पा खाली जमिनीवर, खांबाला टेकून बसले होते. शेवटपर्यंत उठले नाहीत. वरच्या कड्या रिकाम्याच राहिल्या. पुढे तिथं कंदील टांगू लागलो.

माझ्या लग्नात नवरानवरीला ऊंजलवर बसवायचं होतं. शेजाऱ्यांकडून झोपाळा आणायचं ठरलं होतं. सकाळी बघते तर कंदील गायब आणि कड्यांना साखळ्या. फळी एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. म्हणजे रंधा एकदाचा फडक्यातून बाहेर निघाला होता!

"बस," अप्पा म्हणाले. "या लाकडानं काहीसुद्धा ऐकलेलं नाही. मराठीत विचारून घेतलंय."

नवरी असून मी खो खो हसले. अप्पा साखळी सारखी करत राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "वीणा तू नेणार. मग घरात करकरायला काहीतरी नको का?"

माझं हसू तिथंच थांबलं. मी बसले. फळी एका अंगाला कलत होती, तरी उतरावंसं वाटेना.